पितळी माशी

“ही रायफल खोटी आहे की माझा बाप, तेवढं शोधून द्या.”

असं म्हणून काव्या बिराजदारनं खांद्यावरची लांब कापडी पिशवी सोडली आणि रायफल टेबलावर आडवी ठेवली.

प्रभु हत्तुरेंनी खुर्ची मागं सरकवली.

“अण्णा, छर्ऱ्याची आहे,” अजीजा इनामदार म्हणाली. “जत्रेत फुगे फोडतात, तिची थोरली बहीण. बसा खाली.”

नवी पेठेत साड्यांच्या दुकानावर अजीजाची पाटी होती, ‘खाजगी तपास’. सोलापुरात या पाटीचा अर्थ लोक एकच लावतात, लग्नाआधी मुलाची चौकशी. अजीजा आधी विमा कंपनीत होती. जळालेल्या गोदामांची राख चाळून आग कुणी लावली ते सांगायची. एकदा ज्याचं नाव सांगायचं नव्हतं त्याचं सांगितलं आणि तिला घरी बसवलं. तेव्हापासून ती स्वतःचंच काम करते आणि कुणाला विचारून बोलत नाही.

प्रभुअण्णा कोर्टातून निवृत्त झालेले कारकून, अक्कलकोटकडचे. कागद नीट लावायचे, स्कूटरवर मागं बसायचे. त्यांची खोड एकच, जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटायचं. उभं आयुष्य कोर्टात काढून माणूस असा कोरा कसा राहतो, हे कोडं अजीजाला अजून सुटलेलं नव्हतं.

“बस. सुरुवातीपासून सांग,” अजीजा म्हणाली.

काव्या बसली नाही. “अप्पांचं अक्कलकोट रोडला एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप आहे. एका मोडक्या रायफलीची नळी आणि स्प्रिंग मिळाली. बाकी सगळं त्यांनी केलं. सागवानी दस्ता, मागची खाच, पुढची माशी.”

“माशी?” प्रभुअण्णांनी विचारलं.

काव्यानं नळीच्या टोकावर बोट ठेवलं. तिथं करंगळीच्या नखापेक्षा लहान असा एक पितळी खुंट उभा होता. “ही माशी. इकडं डोळ्याजवळ ही खाच. खाचेच्या बरोबर मधे माशी धरायची आणि माशीच्या डोक्यावर कार्डाचा काळा गोळा ठेवायचा. मग छर्रा मधेच लागायला पाहिजे. तसा लागेपर्यंत खाच थोडी थोडी सरकवायची. त्याला झिरो करणं म्हणतात.”

“आणि झिरो होत नाही?”

“होतो की. घरी केला की घरी मधे लागतो. रेंजवर गेलं की उजवीकडं जातो. रेंजवर खाच सरकवून मधे आणला की घरी डावीकडं जातो. दसऱ्यापासून हाच खेळ चाललाय. श्रावणात याच रायफलीनं मी क्लबात पहिली आले होते. सगळ्यांकडं परदेशी रायफली, माझ्याकडं ही.”

“आता घाई कसली आहे?”

“रविवारी जिल्ह्याची निवड आहे. सेक्रेटरी उंबरजेसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, या वेळी नेम हुकला तर हे घरी ठोकलेलं लोखंड परत रेंजवर आणायचं नाही. अप्पा म्हणतात, हुकला तर मीच करवतीनं कापतो.” तिचा आवाज हलला नाही, पण हात दस्त्यावरून निघाला नाही.

“त्यापेक्षा क्लबाची रायफल घ्यावी,” प्रभुअण्णा म्हणाले. “हरकत काय?”

“हरकत ही, की माझ्या बापानं केलेली बरोबर आहे.”

अजीजानं स्कूटरची किल्ली उचलली.

•

बिराजदारांचं घर वर्कशॉपला लागूनच होतं. लेथच्या मागं दोन भिंतींमधे लांब बोळ होती. वर एक ट्यूब, टोकाला जुन्या गोणपाटावर कार्ड. काव्यानं तिथं पाच छर्रे मारले. रायफल कालच रेंजवर झिरो केलेली होती, त्यामुळं पाचही डावीकडं गेले.

“बघितलंत?” सिद्धलिंगप्पा बिराजदार म्हणाले. अंगानं आडवा, हात कोपरापर्यंत तेलकट, डोळ्यांत राग. “स्क्रू बदलला. खाच नवी केली. नळी काढून तपासली, काडीसारखी सरळ हाय. आता माझं डोकं तेवढं बदलायचं राहिलंय.”

“जुनी कार्डं आहेत?”

“ही काय भिंतीला. ह्या अंगाला घरची, त्या अंगाला रेंजची. रोज बघतो आन् रोज पेटतो.”

अजीजानं दोन्हीकडचं एकेक कार्ड काढून ट्यूबखाली धरलं. घरच्या कार्डावर पाच छर्ऱ्यांनी मिळून मधोमध एकच भोक पाडलं होतं. रेंजच्या कार्डावरही तसंच एकच भोक होतं, फक्त उजवीकडं.

“रेंजची सगळी अशीच?”

“एवढीच उजवीकडं,” काव्या म्हणाली. “कमी नाही, जास्त नाही.”

अजीजानं दोन्ही कार्डं अण्णांच्या पिशवीत टाकली.

ईरम्मा ताकाचे पेले घेऊन आली. काव्याची आई, कपाळावर विभूती, बोलणं धबधबा. “नजर लागलीया, दुसरं काय न्हाय. खंडेनवमीला किती झोकात पूजा मांडली होती. दाव की गं फोटो.”

काव्यानं फोन पुढं केला. पाटावर नटबोल्टचे पाने, कानशी, लेथची हत्यारं आणि मधे रायफल. विभूतीचे पट्टे, कापलेलं लिंबू, झेंडू. सगळं लोखंड लखलखत होतं आणि नळीच्या टोकावरची माशी समईच्या ज्योतीसारखी उठून दिसत होती.

“एवढं चकचकीत कुणी केलं?”

“मीच की. चिंच आन् राख लावून एकेक घासलं. तेलानं काळंठिक्कर पडलं होतं समदं. काळं हत्यार मांडतेत व्हय पूजेला?”

“हा फोटो मी क्लबाच्या ग्रुपवर टाकला होता,” काव्या म्हणाली. “सगळ्यांनी हात जोडले.”

अजीजानं रायफल उचलून माशीवर बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. माशी फोटोतल्यासारखीच चमकत होती. शेजारच्या फळीवर त्याच पूजेतला पितळी ओळंबा पडला होता, तो मात्र पुन्हा तांबूस काळा झाला होता.

“आई, नंतर परत घासली होतीत ही?”

“न्हाय बाई. हत्याराला घासणं वर्सातनं एकदाच.”

“आणि तू?”

“मी हातही लावत नाही,” काव्या म्हणाली. “रेंजवर बसप्पासर स्वतः पुसून देतात. आमचे कोच. फौजेत हवालदार होते. माझ्या बाजूनं बोलणारा क्लबात तेवढा एकच माणूस आहे.”

बाहेर स्कूटरवर बसताना प्रभुअण्णा हळूच म्हणाले, “त्या बाईंचं खरं वाटतंय मला. नजरच असणार.”

“नजरच आहे अण्णा,” अजीजा म्हणाली. “कुणाची ते बघू.”

•

होटगी रोडच्या आतल्या अंगाला बंद पडलेल्या पॉवरलूमची शेड होती. माग भंगारात गेले, माणसं कुठं कुठं पांगली आणि शेडवर रायफल क्लबाची पाटी चढली. सोलापुरात बंद पडलेल्या जागेला नवं नाव फार लवकर मिळतं. तिथं ज्याचा घाम गेला, त्याला विचारायची पद्धत नाही.

सेक्रेटरी विरूपाक्ष उंबरजे एसी लावलेल्या केबिनमधे बसले होते. पोट टेबलाला टेकलेलं.

“घरच्या रायफलीवर आमचा आकस नाही,” ते म्हणाले. “पण संस्थेची एक लेव्हल असते. उद्या कुणी गोफण घेऊन येईल.”

“श्रावणात ती पहिली आली तेव्हा लेव्हल कुठं होती?”

“लागला असेल नेम. कधी कधी लागतो.”

“तुमची मुलगीही रविवारी निवडीला आहे ना?”

उंबरजेंचा चेहरा आंबला. “आहे. आणि ती तिच्या जिवावर येईल. त्या रायफलीचं ते पुढचं टोक का काय, ते वाकलंय असं मला सांगण्यात आलं.”

“माशी म्हणतात त्याला. कुणी सांगितलं?”

“सगळेच म्हणतात. मला त्यातलं काही कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. संस्था चालवायला नेमबाजी लागत नाही.”

“ते दिसतंच आहे,” अजीजा म्हणाली.

केबिनबाहेर आल्यावर प्रभुअण्णांनी घाम पुसला. “माणूस तोंडाळ आहे, पण टोक वाकलेलं असेल हे पटतं.”

“आत्ताच तुमच्यासमोर मी ते टोक बोटानं बघितलं, अण्णा.”

“हां. तेही खरं.”

आत शेडमधे सहा लेन होत्या. नेमबाज पश्चिमेला तोंड करून उभे राहत. उजव्या हाताला, म्हणजे उत्तरेच्या भिंतीत, उंच खिडक्यांची रांग होती आणि काचांवर चुना मारलेला होता. भिंतीजवळची शेवटची लेन सहावी. पाचव्या लेनवर कुणीतरी परदेशी रायफल ठेवून गेलं होतं. प्रभुअण्णांनी लांबूनच वाकून पाहिलं.

“हिच्या माशीला घर आहे की,” ते म्हणाले.

खरंच, त्या रायफलीची माशी एका छोट्या काळ्या नळकांड्यात बसवलेली होती. रॅकवरच्या सगळ्याच परदेशी रायफलींची तशीच होती.

बसप्पा हविनाळे हवालदार पायऱ्यांवर बूट पुसत बसले होते. उंच, ताठ, मिशा कापलेल्या. कमरेच्या पट्ट्याचं पितळी बक्कल इतकं घासलेलं, की अजीजाला त्यात स्वतःचा स्कार्फ दिसला.

“काव्यासाठी आलात? बरं केलंत,” ते म्हणाले. “पोरगी सोनं आहे. बाप आडवा येतो. मी तिला किती वेळा सांगितलं, बाळ, हट्ट सोड. पण ऐकणार कोण?”

“दोष रायफलीचाच, असं तुमचं म्हणणं?”

“थोडा रायफलीचा, थोडा तिच्या मनाचा. घरी बाप पाठीशी असतो, नेम लागतो. इथं चार लोक बघतात, खांदा आखडतो. फौजेत असे लई पाहिले.”

“तिची रायफल तुम्ही तपासता?”

“रोज. हातात घेतो, पुसतो, बघतो, मग देतो.”

“माशी बघता?”

“सगळ्यात आधी माशी. नाहीतर वीस वर्षं फौजेत काय गवत उपटलं का?”

“मग काय दिसलं?”

“काही नाही. ठीक आहे. म्हणून तर म्हणतो, आतलं काहीतरी ढिलं आहे.”

त्यांची स्वतःची रायफल मागं भिंतीला टेकवलेली होती. तिच्या माशीलाही नळकांडं नव्हतं. जुन्या पद्धतीची, उघडी. आणि तव्याच्या बुडासारखी काळी. खिडकीच्या कट्ट्यावर रॉकेलची चिमणी होती, काच नसलेली.

“हा दिवा कशाला, हवालदार?”

“लाइट जाते की इथली.” त्यांनी अंगठा पँटला पुसला. पँटवर काळी रेघ उमटली.

“सहावी लेन काव्याला कुणी दिली?”

“मीच. कोपऱ्यात शांत असतं. निवड होईपर्यंत लेन बदलायची नाही, हा माझा नियम आहे. सगळ्यांनाच.”

परत जाताना अजीजा सहाव्या लेनवर उभी राहिली. तिथल्या खिडकीचा खालचा अर्धा भाग स्वच्छ होता. उजेड थेट आत येत होता, नेमबाजाच्या नळीवर. बाकी एकाही खिडकीचा चुना निघालेला नव्हता. खाली भिंतीच्या कडेला चुन्याच्या पापड्या पडल्या होत्या आणि काचेवर पात्याचे सरळ ओरखडे होते.

शेडचा राखणदार गौस झाडू घेऊन आला. अजीजाला बघून तो दखनीत बोलला. “मैं नै खरोच्या, आपा. चुना मैंच मारा था, सब खिडक्यांकू. दसरे में नातेपुते गया था, साले के घर. आया तो ऐसा.”

“मग परत चुना का नाही मारलास?”

“पूछा ना साहब लोगां कू. उंबरजेसाब बोले, हवालदारकू पूछ. हवालदार बोले, रहने दे, कारड दिखते अच्छे.”

“तू नसताना किल्ली कुणाकडं असते?”

“दोनोंकने. साबकने, हवालदारकने.”

प्रभुअण्णा बाहेर येऊन म्हणाले, “हवालदारांचं मला पटलं, ताई. माणूस मायाळू आहे. पोरीचा खांदाच आखडत असणार.”

अजीजानं स्कूटरला किक मारली. “अण्णा, तुम्ही आज तीन माणसांचं ऐकलंत आणि तिघांचंही पटलं तुम्हाला. आता एक काम करा. त्यांनी काय सांगितलं ते सोडा. काय सांगितलं नाही, ते आठवा.”

•

शनिवारी अजीजा एकटीच वर्कशॉपला गेली. जाताना अण्णांची बॅटरी मागून नेली. परत आली तेव्हा एवढंच म्हणाली, “बॅटरीनं खरं सांगितलं.”

रविवारी शेड भरली होती. आईबाप, भाऊबहिणी, परदेशी रायफलींच्या पेट्या. उंबरजे पुढच्या खुर्चीत. सिद्धलिंगप्पा भिंतीला पाठ लावून उभे. त्यांच्या पायाशी पिशवी होती आणि पिशवीतून करवतीची मूठ दिसत होती. ती त्यांनी झाकली नव्हती. ईरम्मा शेजारी, पदर तोंडाला.

काव्या सहाव्या लेनवर आली. बसप्पांनी रोजच्यासारखा हात पुढं केला. तिनं रायफल दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, नळीवर नजर टाकली, क्षणभर थांबले. मग खिशातून रुमाल काढला, नळीवरून फिरवला, टोकाशी दोनदा दाबला, आणि रायफल परत केली.

“जा बाळ. देवाचं नाव घे.”

“हवालदार,” अजीजा म्हणाली, “तो रुमाल दाखवा.”

बसप्पांनी रुमाल खिशात घातला. “का?”

“उंबरजेसाहेब, तुमची संस्था आहे. तुम्ही सांगा त्यांना.”

शंभर डोळ्यांसमोर उंबरजेंना नाही म्हणता येईना. बसप्पांनी रुमाल काढला. पांढऱ्या कापडावर काजळीचा जाड डाग पडला होता. अजीजानं तो नाकाशी नेला आणि प्रभुअण्णांना दिला.

“कसला वास, अण्णा?”

“भांडी चमकवायच्या औषधाचा,” अण्णा म्हणाले. “आमच्या मठात समयांना लावतात ते.”

“आणि यांच्या बक्कलाला,” अजीजा म्हणाली. “ऐका आता सगळे. सगळे म्हणतात, बिराजदारांच्या रायफलीत काहीतरी ढिलं आहे. ही दोन कार्डं बघा, एक घरचं, एक इथलं. दोन्हीवर पाचही छर्रे एकाच भोकात. ढिलं लोखंड असं वागत नाही. ते आज इकडं मारतं, उद्या तिकडं. ढिलं लोखंड रोज एकाच बाजूला, एकाच मापानं खोटं बोलत नाही. म्हणून रायफल पहिल्याच दिवशी सुटली. आणि आखडलेला खांदाही एका भोकात पाच छर्रे घालत नाही. म्हणून पोरगीही सुटली.”

“मग राहिलं काय?” उंबरजे म्हणाले.

“जागा. घर आणि रेंज यात फरक काय? घरी बोळ आहे, वर ट्यूब, दोन्हीकडं भिंत. इथं उजवीकडं ही अर्धी खरवडलेली खिडकी. दसऱ्यात खरवडलेली, आणि भानगड सुरू झाली तीही दसऱ्यापासून. उजेड उजवीकडून येतो, छर्रा उजवीकडं जातो.”

“उजेडानं छर्रा वळतो का बाई?” मागून कुणीतरी हसलं.

“छर्रा नाही. डोळा वळतो. या रायफलीची माशी पितळेची आहे. आधी तेलानं काळी पडलेली होती. खंडेनवमीला काव्याच्या आईनं चिंच-राखेनं घासली, लखलखीत केली. आपल्यात हत्यार घासूनच पूजेला मांडतात, त्यात चूक काही नाही. पण चमकत्या माशीवर उजवीकडून उजेड पडला की तिची उजवी कड पांढरी होते. मागचं कार्डही पांढरं. ती कड कार्डात विरून जाते. डोळ्याला उरतो फक्त डावा, काळा भाग. काव्या तेवढ्यालाच माशी समजते आणि त्याला खाचेच्या मधे धरते. म्हणजे खरी माशी मधल्यापेक्षा उजवीकडं. नळीचं तोंड उजवीकडं. काल मी हिच्या बोळीत उजव्या बाजूला बॅटरी धरली. छर्रा घरीसुद्धा उजवीकडं गेला.”

शेडमधे कुजबुज झाली. सिद्धलिंगप्पांनी भिंत सोडली.

“मग शेजारच्या लेनवर आमच्या पोरांना त्रास का नाही झाला?” एका आईनं विचारलं.

“तुमच्या रायफलींच्या माशीला घर आहे. नळकांड्यात उजेड पोचत नाही. ही युक्ती फक्त एकाच रायफलीवर चालणार होती. आणि ती करणाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्या होत्या. माशी चमकते, माशी उघडी आहे, आणि उजेड डोळ्याला फसवतो. उंबरजेसाहेब माशीला ‘पुढचं टोक’ म्हणतात. त्यांना ही मुलगी नको होती, हे खरं. पण नको असणं आणि जमणं यात अंतर असतं.”

उंबरजेंना यावर रागवावं की आभार मानावेत ते कळलं नाही.

“गौस तर दसऱ्यात सोलापुरातच नव्हता. राहिला एक माणूस,” अजीजा म्हणाली. “तो रोज सगळ्यात आधी माशी बघतो. स्वतःच्या रायफलीची माशी रोज चिमणीवर धरून काळी करतो, कारण फौजेत पहिल्या आठवड्यातच शिकवतात, की चमकती माशी नेम खाते. आणि तोच माणूस या पोरीला सांगतो, माशी ठीक आहे. तिला एवढं एक वाक्य सांगितलं असतं, बाळ, हिला काजळी धर, तर सगळं मिटलं असतं. सांगितलं नाही. उलट रोज औषधाच्या रुमालानं ती परत चमकवली. वर्कशॉपमधे पूजेचा ओळंबा काळा पडला, ही माशी पडली नाही, कारण ही रोज इथं घासली जात होती. काल आम्ही माशीला काजळी धरून घरी झिरो केला. आज हवालदारांनी ती काळी दिसल्याबरोबर काय केलं, ते तुम्ही बघितलंत. फौजी माणूस माशीवरची काजळी कधी पुसत नाही. पुसायचं कारण असल्याशिवाय.”

बसप्पा ताठच उभे होते.

“सर?” काव्या म्हणाली.

“मी यांना सांगितलं होतं,” बसप्पांनी पालकांच्या खुर्च्यांकडं हात केला, “परदेशी रायफल घेतल्याशिवाय पोरं पुढं जात नाहीत. यांनी माझ्या शब्दावर घेतल्या. श्रावणात तू घरच्या लोखंडानं सगळ्यांना मागं टाकलंस. दुसऱ्या दिवशी एकानं मला गाठून विचारलं, हवालदार, मग आम्हाला कशाला घ्यायला लावली? काय सांगू त्याला?”

“खरं,” अजीजा म्हणाली. “चुकलो म्हणायचं. काच खरवडण्यापेक्षा सोपं होतं.”

“तुम्हाला सोपं वाटतं, बाई. इथं माझ्याकडं शब्दाशिवाय दुसरं होतं काय?”

“तुमचा शब्द राहावा म्हणून माझ्या बापानं रायफल कापायची?” काव्यानं विचारलं. आवाज चढला नाही, पण शेडच्या टोकापर्यंत गेला. “रोज तुम्ही मला बाळ म्हणालात. रोज पाठीवर हात ठेवलात. मी घरी जाऊन अप्पांशी भांडले, की तुमचंच काहीतरी चुकतंय.”

उंबरजे उठले. हसू आणायचा त्यांनी प्रयत्न केला. “झालं ते झालं. बाहेर जायला नको, संस्थेचं नाव आहे. काव्या, आज तू क्लबाची रायफल घे. खिडकीला पडदा लावू. लेन बदलू. मागचं सगळं माफ.”

“माफ कुणाला?” काव्या म्हणाली. “मी काय केलंय?”

उंबरजे परत खुर्चीत बसले.

“रायफल हीच. लेन हीच. खिडकी आहे तशी राहू दे, पडदा लावायचा नाही. नंतर कुणी म्हणायला नको, की उजेड झाकला म्हणून हिचा नेम लागला.” ती वळली. “अप्पा, कापूर.”

सिद्धलिंगप्पांनी खिशातून कापराची वडी काढली, पत्र्याच्या तुकड्यावर ठेवून पेटवली. काव्यानं माशी त्या धुरात धरली. पितळ हळूहळू विझलं, काळं झालं. ईरम्मानं तोंडावरचा पदर खाली घेतला.

“अगं, आता पुढच्या खंडेनवमीला मी काय घासू?” ती म्हणाली.

“पाने घास. हिला हात लावू नकोस.”

काव्या लेनवर उभी राहिली. छर्रा भरला. मग थांबली. रेंजवर हुकूम झाल्याशिवाय कुणी घोडा दाबत नाही, आणि हुकूम देणारा माणूस एकच होता. तो दाराकडं निघाला होता.

“सर, कुठं चाललात?”

बसप्पा थांबले.

“दुसरं कुणीतरी देईल हुकूम,” उंबरजे घाईनं म्हणाले. “मी देतो.”

“तुम्ही नका. यांनी द्यायचा,” काव्या म्हणाली. “इथं माझ्या मागं उभं राहून. आणि संपेपर्यंत हलायचं नाही.”

प्रभुअण्णांनी अजीजाकडं पाहिलं. अजीजानं मान हलवली नाही, नजरही काढली नाही. हवालदार परत आले. तिच्या मागच्या लाल रेघेवर उभे राहिले. त्यांचे हात पट्ट्याकडं गेले, बक्कलापर्यंत पोचले आणि खाली पडले.

“फायर,” ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता, की पाचव्या लेनवरच्या मुलीनं वळून पाहिलं.

“ऐकू आलं नाही, सर.”

“फायर,” बसप्पा हविनाळे सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाले.

खिडकीतून उजेड नळीवर पडत होता. माशीवर येऊन तो मरत होता. काव्यानं श्वास सोडला आणि घोडा दाबला. मग पुन्हा. मधे तिनं एकदाही खाचेला हात लावला नाही.

गौसनं कार्ड आणलं. ते आधी उंबरजेंकडं जायचं असतं. तो सरळ सिद्धलिंगप्पांकडं गेला. त्यांनी कार्ड उजेडाकडं धरलं. मधोमध एकच भोक होतं आणि त्या भोकातून खिडकी दिसत होती. त्यांनी ते दुसऱ्यांदा पाहिलं नाही. शेजारच्या परदेशी रायफलवाल्या बापाच्या हातात दिलं, की बघा तुम्हीच.

कार्ड हातोहात खुर्च्यांवरून फिरू लागलं. बसप्पांपर्यंत आलं तेव्हा त्यांनाही ते घ्यावं लागलं.

काव्यानं मागं वळून पाहिलंच नाही. ती पुढचा छर्रा भरत होती.

“दुसरं कार्ड लाव, गौसभाई,” ती म्हणाली. “निवड अजून संपलेली नाही.”